इंदूरहून भीमबेटका, जुन्या मित्रमंडळींसोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की इंदूर, देवास, उज्जैनकडच्या जुन्या शाळा-कॉलेजच्या बॅचेस सहलीच्या तयारीला लागतात आणि भीमबेटक्याचं नाव हमखास निघतं. पन्नाशी-साठी ओलांडलेली सहा ते बारा मंडळी, काहींचे गुडघे कुरकुरणारे, दोघं-तिघं पुण्या-नागपूरहून येणारी, असा गट डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

भीमबेटक्याला बघायचं काय? खडक की चित्रं?

दोन्ही, आणि आधी खडक. विंध्याच्या दक्षिण कडेला रायसेन जिल्ह्यात साग-सालईच्या जंगलातून हे प्रचंड वालुकाश्म वर आले आहेत. खालून खाल्ले गेलेले, वर छपरासारखे पुढे आलेले, काही आरपार पोखरलेले. त्या छपरांखाली माणूस हजारो वर्षं राहिला आणि त्याने भिंतींवर चित्रं काढली. सात टेकड्यांवर मिळून साडेसातशेच्या आसपास असे निवारे आहेत, चारशेहून अधिक निवाऱ्यांत चित्रं आहेत. पर्यटकांना वाट आखून दिलेले निवारे मात्र पंधराच्या घरात. तेवढे पुरतात. खरं तर त्यातले सहा-सात नीट पाहिले तरी दिवस सार्थकी लागतो, आणि पंधराच्या पंधरा धावत पाहिले तर घरी गेल्यावर एकही आठवत नाही. खालची बरीच उत्तरं याच एका गोष्टीभोवती आहेत.

इंदूरहून किती लांब आहे? रस्ता कोणता?

एका बाजूने साधारण 230 किलोमीटर, थांबे धरून पाच तास. देवास, आष्टा, सीहोर असा भोपाळचा चौपदरी रस्ता. भोपाळ जवळ आलं की शहरात शिरू नका, बायपास धरा. तो उत्तर-पूर्वेकडून वळसा घालून नर्मदापुरम रस्त्यावर ‘ग्यारह मील’ला निघतो. अंतर थोडं वाढतं, पण सकाळी साडेनऊ-दहाला शहरातल्या गर्दीत अडकलात तर त्याहून जास्त वेळ जातो. पुढे मंडीदीप, मग ओबेदुल्लागंज. ओबेदुल्लागंज सोडल्यावर आठ-नऊ किलोमीटरवर उजव्या हाताला फाटा आणि पाटी आहे. तिथून रेल्वेमार्ग ओलांडून तीनेक किलोमीटरचा चढ.

फाटा चुकला तर महामार्गावर वळायला बरंच पुढे जावं लागतं. पुढे बसलेल्याने ओबेदुल्लागंजनंतर गप्पांतून लक्ष काढून पाटीकडे ठेवावं.

चहाला आष्टा-सीहोरच्या मध्ये डोडीला थांबा. मध्य प्रदेश पर्यटनाचा थांबा आहे, स्वच्छतागृहं बरी असतात आणि इंदूरपासून जवळजवळ निम्मा पल्ला झालेला असतो. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी नाश्ता इथवर लांबवू नये. निघण्याआधी घरूनच पोहे खाऊन निघावं.

एका दिवसात जाऊन येता येईल?

येईल. पहाटे पाचला पलासियाहून निघालात तर दहाला तिथे, दीडपर्यंत पाहून जेवण, रात्री आठ-साडेआठला घरी. पण दहा तास गाडीत आणि साडेतीन तास डोंगरावर हा हिशेब साठीतल्या पाठीला परवडत नाही, आणि परतताना सगळे पेंगत असतात. ज्या गप्पांसाठी सहल काढली त्या राहूनच जातात.

आमचा सल्ला दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी सकाळी सात-साडेसातला निघा, भोपाळमध्ये सामान टाकून दुपारी मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय पाहा, संध्याकाळी मोठ्या तलावाकाठी बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला भोपाळ सोडलं की आठच्या आत भीमबेटक्याला. ही सकाळची वेळ मिळवणं हाच मुक्कामाचा मुख्य फायदा. मात्र ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून रविवार-सोमवार अशी जोडी धरली तर संग्रहालयं रविवारीच उरका.

दोन दिवस केले तर गाडीचं भाडं दुप्पट होतं का?

नाही, इथेच लोक चुकीचा हिशेब करतात. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक टॅक्सीवाले दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरतात. एका दिवसात गेलात तरी येऊन-जाऊन 460-470 किलोमीटरचे पैसे लागतातच. दोन दिवसांचे किमान 500 धरले तर वाढ होते 30-40 किलोमीटरची आणि चालकाच्या रात्रीच्या भत्त्याची. भोजपूर आणि भोपाळमधली फिराफीर धरून एकूण पल्ला 530 च्या आसपास जातो. किमान 300 च्या दराने बोलणी झाली असेल तर तो 600 मध्येच बसतो. ठरवताना किमान किलोमीटर, टोल, पार्किंग आणि रात्रीचा भत्ता या चारही गोष्टी मेसेजवर लिहून घ्या.

सहा जणांपर्यंत एक मोठी गाडी. आठ ते बारा असाल तर दोन गाड्यांपेक्षा एक टेम्पो ट्रॅव्हलर बरी, कारण दोन गाड्या केल्या की गट तिथेच दुभंगतो आणि एक गाडी दुसरीची वाट बघत राहते. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते. प्लॅस्टिकचं एक ठेंगणं स्टूल डिकीत टाका, दोन दिवसांत वीस वेळा लागेल.

खर्च एकाच्या हातात द्या. निघण्याआधी प्रत्येकाकडून सारखी रक्कम जमा करून त्यातूनच सगळं भागवायचं, उरलेले परत. जागोजागी ‘मी देतो, तू राहू दे’ची ओढाताण मैत्रीत गोड असते, पण तिकीट खिडकीवर मागची रांग खोळंबते.

पुण्या-नागपूरची मंडळी रेल्वेने थेट येऊ शकतात का?

नागपूरकरांनी इंदूरला येण्याचं कारणच नाही, थेट भोपाळला उतरावं. इटारसी-भोपाळ लोहमार्ग भीमबेटक्याच्या टेकडीखालूनच जातो. भोपाळचं राणी कमलापती स्थानक नर्मदापुरम रस्त्याच्या बाजूला आहे, तिथून टॅक्सीने तासाभराचं अंतर. पुणेकरांनी आदल्या दिवशी इंदूर गाठून सगळ्यांबरोबर निघावं, नाहीतर त्यांनीही सरळ भोपाळ गाठावं. इंदूरहून रेल्वे हवी असेल तर सकाळची वंदे भारत उज्जैनमार्गे तीनेक तासांत भोपाळला पोचवते, पण पुढे दोन दिवस गाडी करावीच लागते.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी डोंगरावर चांगलाच गारवा असतो, स्वेटर आणि कानटोपी असू द्या. दहानंतर ते काढून हातात धरावं लागतं म्हणून पाठीवरची हलकी पिशवी बरी.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पळस फुललेला असतो आणि उन्हाची धग अजून सुरू झालेली नसते. कमी लोक निवडतात, पण फार सुंदर वेळ. एप्रिल ते जूनमध्ये खडक तापतो आणि दुपारभर धग सोडतो. तेव्हा गेलातच तर साडेदहाच्या आत खाली उतरा.

पावसाळ्यात जंगल हिरवंगार आणि खडक ओले, काळेभोर. दिसायला हाच काळ सगळ्यात देखणा. पण पायाखालच्या गुळगुळीत दगडांवर शेवाळ धरतं, आभाळ भरलेलं असलं की निवाऱ्यात अंधार असतो आणि चित्रं फिकी दिसतात. ज्यांच्या पायांचा भरवसा नाही त्यांनी ऑगस्टचा मोह टाळावा.

वेळ आणि तिकीट?

सूर्योदय ते सूर्यास्त, सगळे दिवस. जागा पुरातत्त्व खात्याकडे आहे. माणशी आणि गाडीमागे शुल्क वेगवेगळं. सुटे पैसे रोख ठेवा, डोंगरावर ऑनलाइन पैसे देताना नेटवर्क दगा देऊ शकतं. सूर्यास्तानंतर रेंगाळू नका. भोवतालचं रातापानीचं जंगल डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं आहे आणि बिबळेही आहेत.

चालावं किती लागतं? गुडघेदुखीवाल्यांना जमेल?

आखलेली वाट सगळी मिळून दीडेक किलोमीटर. बरीचशी फरसबंद आहे, पण मध्येमध्ये पायऱ्या आणि उंचसखल दगड आहेत. अंतर काहीच नाही, त्रास होतो तो पायऱ्यांच्या असमान उंचीचा. एक पायरी चार इंच, पुढची दहा. वर जाताना कळत नाही, उतरताना गुडघ्यावर येतं. त्यासाठी:

- तळव्याला खाचा असलेले बूट. चामडी चपला, सपाट सँडल नकोत.
- रबरी टोकाची काठी. लोखंडी टोक या दगडावर सटकतं.
- उतरताना काठी आधी खालच्या पायरीवर टेकवा, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना उलट, आधी चांगला.
- हातात मोबाइल धरून उतरायचं नाही. पडणारे बहुतेक फोटो बघत चालत असतात.

ज्याला दीड किलोमीटरही जड आहे त्याने सुरुवातीचा सभागृह-गुहेपर्यंतचा टप्पा करावा, गरज पडल्यास कुणाचा तरी हात धरून. तिथे बसायला जागा आहे, आणि एवढा एकच टप्पा केला तरी इथला सगळ्यात भव्य खडक पाहून होतो. त्याच्यासोबत एकाने थांबावं, आणि कोण थांबणार ते गाडीतच ठरवून यावं. तिथे गेल्यावर विचारलं की बिचारा ‘नाही नाही, येतो मी’ म्हणतो आणि अर्ध्या वाटेत अडकतो.

आत किती वेळ द्यावा आणि काय काय पाहावं?

किमान अडीच तास, शक्य असेल तर तीन. निवाऱ्यांना क्रमांकाच्या पाट्या आहेत, वाट त्याच क्रमाने जाते. वेळ मात्र सगळ्यांना सारखा वाटू नका.

पहिल्या निवाऱ्याशी आदिमानवाचे पुतळे मांडलेले आहेत. फोटो काढायची गर्दी इथेच होते. पाच मिनिटांत पुढे व्हा.

सभागृह-गुहेला अर्धा तास द्या. आत शिरल्यावर लगेच पुढे न जाता मधोमध उभे राहून वर बघा. उंच बोगदा, दोन्हीकडून येणारा उजेड आणि समोर एकटाच उभा असलेला मोठा शिलाखंड. त्या शिळेवर आणि जवळच्या खडकावर वाटीसारखे उथळ खळगे कोरलेले आहेत. हे खळगे चित्रांपेक्षा कितीतरी जुने आहेत, जगातल्या सगळ्यात जुन्या मानवी खुणांमध्ये ते मोजले जातात. उजेड तिरका पडतो तेव्हा ते ठळक दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सपाट वाटतात. बोट लावू नका, बाजूला झुकून पाहिलं की कड दिसते.

याच भागातल्या एका निवाऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी 1970 च्या दशकात उत्खनन केलं. पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातल्या बारीक दगडी पात्यांपर्यंत थरांवर थर मिळाले. म्हणजे चित्रं काढणारे आले त्याच्या कितीतरी आधीपासून इथे माणसांची वस्ती होती.

चौथा निवारा म्हणजे प्राण्यांचा खडक. इथे पाऊण तास बसा, हो, बसाच. एकाच भिंतीवर साडेचारशेच्या आसपास आकृती आहेत, एकावर एक काढलेल्या. हत्ती, गवे, बारशिंगे, हरणं. एखादं लाल हरिण पकडा आणि त्याच्या पाठीवरून नजर सावकाश फिरवा. कुठेतरी पांढरी रेघ ते हरिण कापून जाते. ती रेघ एखाद्या घोड्याची असते, घोड्यावर स्वार, त्याच्या हातात शस्त्र. पांढरं वर आहे, म्हणजे नंतरचं. लाल हरिण काढणाऱ्याने घोडा पाळलेला माणूस बघितला नव्हता. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे हजारो वर्षांचं अंतर आहे. हा छेद एकदा स्वतःच्या डोळ्यांनी शोधला की पुढची सगळी भिंत वाचता येऊ लागते.

काही प्राण्यांचं अंग आडव्या-उभ्या रेघांनी भरलेलं दिसेल, काहींच्या पोटात पिल्लू काढलेलं आहे. हेही निवांत बसल्याशिवाय दिसत नाही.

मधल्या निवाऱ्यांत नाचणाऱ्यांच्या रांगा, घोडेस्वार, मिरवणुका, फुलांच्या नक्षी आहेत. पाय आणि वेळ पाहून घ्या. पंधरावा मात्र सोडू नका. छत्रीसारख्या खडकावर, डोक्याच्या वर, एक अवाढव्य शिंगवालं रानडुकरासारखं जनावर एका चिमुकल्या माणसाच्या मागे लागलं आहे. असं जनावर खऱ्या जगात नाही. चित्र उंचावर आहे, म्हणून लहान दुर्बीण न्या. गटात एक पुरते.

पुढे मोकळ्या कड्यावर कासवाच्या आकाराचा खडक आणि खाली जंगलाचा पसारा. गटाचा फोटो इथे काढा.

आम्हाला चित्रं दिसतच नाहीत, नुसते डाग दिसतात. असं का?

घाईमुळे, आणि उन्हामुळे. लख्ख उजेडातून छपराखाली आल्यावर डोळे सावलीला रुळायला काही मिनिटं लागतात. लोक त्याआधीच ‘काही नाही इथे’ म्हणून वळतात. गॉगल काढा, भिंतीपासून आठ-दहा फुटांवर उभे राहा, टोपीच्या कडेने मागचं ऊन अडवा. आधी मोठा रंगीत पट्टा शोधा, मग त्यात पाय शोधा. प्राण्याचे चार पाय सापडले की बाकीचं अंग आपोआप दिसतं. एकाला दिसलं की त्याने बोटाने दाखवायची घाई न करता ‘उजवीकडच्या भेगेच्या वर, हातभर’ असं सांगावं. दुसऱ्याने स्वतः शोधलं की पुढच्या निवाऱ्यात तो आधी शोधतो.

मोबाइलचाही उपयोग होतो. फोटो काढून त्यातली रंगाची तीव्रता आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की डोळ्याला न दिसणाऱ्या लाल रेघा वर येतात. शैलचित्रांचे अभ्यासक यासाठी डी-स्ट्रेच नावाचं साधन वापरतात, त्याचं ॲपही आहे.

पाणी शिंपडून चित्र उठावदार करायचा प्रकार कुणी सुचवला, अगदी वाटाड्याने सुचवला तरी, हात जोडून नाही म्हणा. ओल्या खडकावर क्षणभर रंग खुलतो हे खरं आहे. पण पाणी खडकात मुरतं, आतले क्षार विरघळवतं, आणि सुकताना ते क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं. त्याचा पांढुरका थर चित्रावर बसतो आणि पुन्हा निघत नाही. ठिकठिकाणच्या शैलचित्रांचं असं नुकसान झालेलं आहे.

चित्रं नेमकी किती जुनी? रंग टिकले कसे?

बहुतेक चित्रं मध्याश्मयुगातली, म्हणजे ढोबळमानाने दहा हजार वर्षांच्या आसपासची आणि अलीकडची. घोडेस्वार आणि तलवारी ऐतिहासिक काळातल्या. सगळ्यात जुन्या चित्रांच्या वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तेव्हा ‘एक लाख वर्षं’ असं ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

लाल रंग गेरूचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. तो उन्हाने उडत नाही, कुजत नाही. पांढरा चुनखडीसारख्या पांढऱ्या मातीचा, म्हणून तो जास्त झिजतो. त्यातून पुढे आलेल्या छपरामुळे पाऊस थेट भिंतीवर येत नाही. जिथे पाणी ओघळतं तिथे काळे पट्टे दिसतात आणि त्या पट्ट्यांत चित्र शिल्लक नसतं, हे जाता जाता पडताळून पाहा.

खडकांना असे आकार आले कशामुळे?

हा विंध्य समूहातला वालुकाश्म. उथळ पाण्यातली वाळू थराथराने साचून दगड झाली, त्याला शंभर कोटी वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे. दगडात तिरक्या रेघांचे पट्टे दिसतात, त्या वेळच्या प्रवाहाने वाळू कुठल्या दिशेने लोटली ते त्यावरून कळतं. सगळे थर सारखे कठीण नाहीत. मऊ थर वारा, पाणी आणि उन्हा-थंडीच्या फेऱ्यांनी आधी झिजला, वरचा कठीण थर पुढे राहिला, आणि निवारा तयार झाला. उभ्या भेगांत पाणी शिरून खडकांचे सुळके सुटे झाले. गटातल्या सिव्हिल इंजिनियरला हे समजवायला सांगा, तो खूश होईल.

मधमाश्यांची भीती कितपत खरी?

खरी आहे, आणि हे उत्तर सगळ्यांनी वाचावं. उंच खडकांच्या पोटाला आग्या मोहोळ लटकलेली असतात. गुहेत शिरण्याआधी एकदा वर नजर टाकायची सवय ठेवा. मोहोळ खवळण्याची कारणं ठरलेली: धूर, दगड, मोठा आवाज आणि उग्र वास. सिगारेट नाही, आरोळी ठोकून प्रतिध्वनी ऐकणं नाही, स्पीकरवर गाणी नाहीत, आणि त्या दिवशी अत्तर-सेंट नाही.

माश्या उठल्याच तर हात झाडू नका, खाली बसू नका. तोंड-डोकं ओढणीने किंवा जॅकेटने झाकून सरळ वाटेने लांब व्हा आणि गाडीत बसून काचा लावा. डंखाबरोबर सुटणाऱ्या वासाने बाकीच्या माश्या त्याच माणसावर येतात, म्हणून जागा सोडणं सगळ्यात महत्त्वाचं. गाडीत आल्यावर नांगी नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा, वेळ घालवू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा. ज्याला आधीपासून ॲलर्जी आहे त्याने डॉक्टरांनी दिलेली औषधं अंगावरच ठेवावीत, गाडीत नव्हे. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर यांपैकी काहीही दिसलं की 108 ला फोन करा आणि गाडी भोपाळच्या दिशेने काढा. एम्स त्याच बाजूला आहे.

या माश्यांनी शास्त्रज्ञांनाही चकवलं आहे. सभागृह-गुहेच्या छतावरचा एक पानासारखा ठसा म्हणजे ‘डिकिन्सोनिया’ या प्राचीन जीवाचा जीवाश्म, असा शोधनिबंध 2021 मध्ये आला आणि जगभर बातम्या झाल्या. 2023 मध्ये दुसऱ्या गटाने तपासल्यावर तो जुन्या पोळ्याचा उरलेला अवशेष ठरला, आणि पहिल्या संशोधकांनीही ते मान्य केलं. तो ठसा कुणी तुम्हाला जीवाश्म म्हणून दाखवला तर आता उत्तर माहीत आहे.

जेवणाचं काय? डबा नेता येईल?

डबा न्या, पण आत उघडू नका. वानरं आहेत, आणि खाण्याच्या उष्ट्या-सांडलेल्यावर मुंग्या, माश्या, सगळंच येतं. वर जाताना फक्त पाणी, हिवाळ्यात माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दोन. मधुमेहींच्या खिशात चार गोड गोळ्या किंवा खडीसाखर. केळी हातात दिसता कामा नयेत.

दोन दिवसांच्या सहलीला दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेव हे टिकतं. दही, ओलं खोबरं, बटाट्याची रस्साभाजी घेऊ नका. ताजं जेवण हवं तर महामार्गावर फाट्याजवळ पर्यटन मंडळाचं उपाहारगृह आहे. वर चढण्याआधी किती जण जेवणार ते सांगून ठेवलं की उतरल्यावर ताटकळावं लागत नाही.

गाईड घ्यावा का?

पहिल्यांदा जात असाल तर घ्या. फाटकाशी स्थानिक वाटाडे असतात. पैसे ठरवण्याआधी वेळ ठरवा: ‘भैया, अडीच तास, चार नंबरवर आरामात बसणार.’ नाहीतर चाळीस मिनिटांत सगळं फिरवून आणतात. त्यांची सरावलेली नजर कामाची असते, कुठली आकृती कुठे आहे हे त्यांना पाठ असतं. खडकांत सिंह-हत्ती-ऋषी दाखवण्याचा उत्साह असतो तो थोडा आवरा.

फोटो, ट्रायपॉड, ड्रोन?

मोबाइल आणि साधा कॅमेरा चालतो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोन बंदच. फ्लॅश वापरू नका, खडक चकाकतो आणि चित्र उलट पुसट येतं. भिंतीला टेकून फोटो तर मुळीच नाही. घाम आणि तेलाचा हात रंगाला मारक असतो. दगडावर नाव कोरणं हा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी कायद्यात तरतूद आहे.

गट पांगतो, त्यावर उपाय?

दोन माणसं नेमा. एक सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. पुढच्याने प्रत्येक वळणावर थांबून मागचा दिसेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. मागचा म्हणून वेगवान माणूस नेमा, हळू चालणाऱ्यांवर ही जबाबदारी टाकली की ते ओशाळून धावायला बघतात. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा, फोनच्या भरवशावर राहू नका.

ही जागा उजेडात कोणी आणली?

उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी, 1957 मध्ये. आपल्या माळव्यातला मराठी माणूस. रेल्वेतून जाताना त्यांना हे खडक दिसले, जाऊन पाहावंसं वाटलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते इथे येऊन चित्रांच्या नकला करत राहिले. 1888 च्या एका इंग्रजी नोंदीत ही जागा बौद्ध स्थळ म्हणून येऊन गेली होती, पण चित्रांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. 1975 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1988 मध्ये ते गेले, आणि 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत आलं. उज्जैनला त्यांच्या नावाची शोध संस्था आहे. तुमच्या गटात चित्रकलेचे शिक्षक असतील तर सहलीआधी तिथे एक फेरी जरूर मारा.

त्याच दिवशी भोजपूर आणि सांची दोन्ही होतील का?

भोजपूर होईल, सांची नको. सांची भोपाळच्या पलीकडे, उलट दिशेला आहे. भोजपूर मात्र वाटेवरच, ग्यारह मीलवरून फाटा आहे. भीमबेटका सकाळी आणि भोजपूर दुपारी चारनंतर असा क्रम ठेवा. राजा भोजाच्या काळातलं, अकराव्या शतकातलं हे शिवमंदिर अपुरं राहिलं, आणि अपुरं राहिल्यामुळेच बघण्यासारखं आहे. मागच्या बाजूला दगड वर चढवायचा मातीचा उतार अजून शिल्लक आहे, आणि आसपासच्या खडकांवर मंदिराचे नकाशे, खांब, शिखरं रेघांनी कोरून ठेवली आहेत. लोक शिवलिंगाचं दर्शन घेऊन परततात आणि हे नकाशे बघायचे राहतात. कठडे लावून ते राखले आहेत, उतरत्या उन्हात रेघा स्पष्ट दिसतात. महाशिवरात्रीच्या आसपास जाऊ नका, यात्रेची गर्दी असते.

एवढं लांब जमणार नाही. इंदूरजवळ खडकांची दुसरी जागा आहे?

देवास जिल्ह्यात बागलीकडे कावडिया पहाड आहे. चित्रं नाहीत, पण लाव्हारस थंड होताना तडकून तयार झालेले बसाल्टचे कोनेदार खांब रचून ठेवल्यासारखे पडलेले आहेत. दगडाने हलकं ठोकलं तर काही खांब धातूसारखे वाजतात. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. सोयी जवळजवळ नाहीत, पाणी आणि जेवण सोबत हवं, आणि सुट्या खांबांवर चढायचं नाही, ते हलतात.